कोह सामुईवर चांगला मसाज कसा शोधावा: सासूबाईंना घेऊन जाणाऱ्या कुटुंबासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. फेब्रुवारीत पुण्याहून एक कुटुंब आठवडाभर थायलंडच्या कोह सामुई बेटावर चाललंय. नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि भिशीतल्या मैत्रिणींनी थाई मसाजचं इतकं कौतुक केलंय की त्या अगदी हौसेने निघाल्यात. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना चार गोष्टी हव्यात: चांगली ठिकाणं कशी ओळखायची, खर्च किती येईल, सासूबाईंना झेपेल का, आणि कुटुंबासकट नको त्या ठिकाणी पाऊल पडू नये म्हणून काय बघायचं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. थाई मसाज बँकॉकच्या वाट फो मंदिराच्या शाळेत शिकले आणि सामुईला कामासाठीही जाते, आवडीनेही जाते. आधी सरळ उत्तर देते. सासूबाईंना मसाज झेपेल, पण फलकावर लिहिलेला प्रत्येक प्रकार त्यांच्यासाठी नाही. तुमच्यासाठी सामुईवर चांगले हात भरपूर आहेत आणि त्यातले बरेचसे महागड्या हॉटेलांत नसून रस्त्यालगतच्या साध्या दुकानांत आहेत. दुकानाच्या सजावटीवरून आणि दरावरून काही ठरवू नका. मसाज करणारी बाई कोण आहे आणि तिला तुमच्या शरीराबद्दल आधी काय सांगितलंय, यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं. पुढे जे लिहितेय ते याच दोन गोष्टींसाठी.

तुम्ही नेमकं काय विकत घेणार आहात ते आधी बघू. थाई लोक ज्याला 'नुअत थाई' म्हणतात तो मसाज कपडे घालून होतो. सैलसा सुती सदरा-पायजमा देतात, जमिनीवरच्या किंवा बुटक्या चौथऱ्यावरच्या गादीवर झोपवतात आणि तेलाचा थेंबही लागत नाही. पायांपासून सुरुवात. अंगठा, तळहात, कोपर, गुडघा, कधी पाऊल, यांनी दाब देत वर सरकायचं आणि मधेमधे सांधे ताणायचे. थाई परंपरेत शरीरात दहा मुख्य वाहिन्या मानतात, त्यांना 'सेन' म्हणतात, आणि दाबाचे मार्ग त्यावर बेतलेले असतात. या विद्येचा आद्य गुरू म्हणून तिथे बुद्धाचे वैद्य जीवक यांना वंदन करतात. शाळेत रोजची सुरुवात त्यांच्या प्रार्थनेने होते, आणि बऱ्याच चांगल्या दुकानांत त्यांची छोटी मूर्ती, तिच्यापुढे झेंडूची माळ आणि पाण्याचा पेला दिसतो. वाट फोच्या भिंतींत १८३०च्या दशकात राजा रामा तिसरा याने वैद्यकाचे शिलालेख बसवून घेतले. त्यात मसाजच्या बिंदूंचे साठ फलक आहेत, तीस शरीराच्या पुढच्या बाजूचे आणि तीस मागच्या. युनेस्कोने २०१९ मध्ये नुअत थाईचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. बँकॉकमध्ये एखादा दिवस थांबणार असाल तर ते फलक आवर्जून बघा. मुलांनाही दाखवा.

तेलाचा मसाज हा वेगळा प्रकार. तो अंगावरचे कपडे उतरवून, वापरून फेकायची अंतर्वस्त्रं घालून, टॉवेलखाली होतो. सामुई नारळाचं बेट असल्यामुळे तिथे खोबरेल तेल सगळीकडे मिळतं आणि ते उष्ण हवेत त्वचेला छान मानवतं. आपल्या अभ्यंगाची सवय असलेल्यांना हा जवळचा वाटेल, पण इथे तेल जिरवण्यापेक्षा हात सरकवण्यासाठी असतं. तिसरा प्रकार पायांचा. आरामखुर्चीत बसवून गुडघ्यापर्यंत मसाज करतात, तळव्याला छोटी लाकडी काठी वापरतात आणि शेवटी पाठ-खांद्यांना दोन-चार मिनिटं देतात. चौथा गरम पोटलीचा. थाईत 'लूक प्रकोप'. त्यात आल्याच्या कुळातला प्लाय नावाचा कंद, हळद, गवती चहा, खडबडीत सालीच्या मकरूत लिंबाची साल, चिंचेचा पाला, मीठ आणि कापूर असतो. ती वाफेवर गरम करतात आणि दाबून शेकतात. हळदीचे डाग पडतात, तेव्हा स्वतःचा पांढरा कुर्ता घालून जाऊ नका.

आता बेटाचा नकाशा. सामुईला ४१६९ क्रमांकाचा रस्ता वळसा घालतो आणि जवळजवळ सगळी वस्ती या रस्त्याला लागून आहे. पूर्वेला चावेंग: सगळ्यात मोठा किनारा, सगळ्यात जास्त गर्दी, दर दहा पावलांवर मसाजचं दुकान. त्याच्या दक्षिणेला लमाई, थोडा निवांत. उत्तरेला बोफुत आणि तिथलं जुन्या लाकडी घरांचं कोळीवाड्यासारखं बाजारपेठेचं गाव, त्याच्या पश्चिमेला मैनाम. पश्चिम किनाऱ्यावर नातोन, जिथे सरकारी कचेऱ्या, धक्का आणि रोजच्या बाजाराला येणारे स्थानिक लोक. चावेंगमध्ये उत्तम कारागीर नाहीत असं नाही, पण तिथे दुकानांची उलाढाल मोठी आहे. आज भेटलेली बाई परवा तिथे असेलच याची खात्री नसते, आणि संध्याकाळी ग्राहक ओढण्याची चढाओढ असते. मला स्वतःला मैनाम आणि लमाईच्या मागच्या गल्ल्यांतली, मालकीणच मसाज करते अशी चार-सहा गाद्यांची दुकानं जास्त भरवशाची वाटतात. नातोनमध्ये इंग्रजी कमी चालतं, पण तिथे स्थानिक लोकच ग्राहक असतात. दुकानात भाजी आणायला आलेली एखादी थाई आजी पाय दाबून घेताना दिसली तर मी दुसरं काहीही न बघता आत जाते.

किनाऱ्यावर नारळांखाली उघडे मांडव असतात, चार-पाच गाद्या टाकलेले. समुद्राचा वारा, लाटांचा आवाज, दरही माफक. तिथे पायांचा आणि साधा थाई मसाज जरूर घ्या. तेलाचा घेऊ नका, कारण वाळू चिकटते आणि तेलकट अंगावर वाळू घासली की त्वचा सोलवटते. गादीवरची चादर तुमच्यासमोर बदलायला सांगा, त्यात कुणाला राग येत नाही. फेब्रुवारीत हवा कोरडी असेल. सामुईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, त्यातही नोव्हेंबरात, म्हणजे फुकेतच्या पावसाळ्यापेक्षा वेगळ्या काळात. कुणी फुकेतच्या अनुभवावरून महिन्यांचा सल्ला देत असेल तर तो इथे लागू पडत नाही.

चांगलं दुकान ओळखायचं कसं, हा तुमचा मुख्य प्रश्न. थायलंडमध्ये २०१६ च्या कायद्यानुसार स्पा, आरोग्यासाठीचा मसाज आणि सौंदर्यासाठीचा मसाज अशा आस्थापनांना आरोग्य खात्याकडून परवाना घ्यावा लागतो आणि मसाज करणाऱ्यांनाही मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेऊन नोंदणी करावी लागते. थाई मसाजचा पायाभूत अभ्यासक्रम १५० तासांचा असतो. परवाना दर्शनी भागात लावलेला असतो, बाजूला फोटोसकट प्रमाणपत्रं. ती वाचता आली नाहीत तरी फोटोतले चेहरे दुकानात काम करताना दिसतात का, एवढं नक्की बघता येतं. किनाऱ्यावरच्या मांडवात कागद लावलेले दिसतीलच असं नाही.

पण कागदावर माझा अर्धाच भरवसा. उरलेलं डोळ्यांनी बघावं लागतं. दुकानासमोर दोन मिनिटं उभ्या राहा आणि काम करणाऱ्या बाईकडे पाहा. ती नुसत्या अंगठ्याच्या जोरावर दाबतेय की हात सरळ ठेवून, कंबरेतून पुढे झुकून अंगाचा भार टाकतेय? शिकलेली बाई भार टाकते. तिचा दाब हळूहळू चढतो, क्षणभर थांबतो आणि हळूहळू उतरतो. न शिकलेली बाई झटक्याझटक्याने टोचते, भराभर पुढे सरकते, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या पोटरीवर निळे डाग दिसतात. नखं बघा, ती मांसाला टेकलेली असायला हवीत. शेजारच्या मैत्रिणीशी गप्पा चालल्या असतील तर हरकत नाही, तिथे ते सर्रास चालतं, पण डोळे फोनकडे असतील तर ते दुकान सोडा.

आत गेल्यावर बहुतेक ठिकाणी आधी पाय धुतात. मला सगळ्यात जास्त कळतं ते इथे. मैनामला एका दुकानात एक साठीची बाई माझे पाय पाट्यावर घेऊन धूत होती. धुता धुता तिने उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला अंगठा टेकवला, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. तो घोटा मागे कधी मुरगळला होता आणि सूज केव्हाच उतरली होती. तिने पुढचा तासभर त्या पायाला वेगळा दाब दिला, घोटा फिरवताना टाच तळहातात धरली आणि ताण पोटरीतूनच घेतला. फिजिओथेरपीच्या कॉलेजात आम्ही ज्याला तपासणी म्हणतो ती तिने परातीतल्या पाण्यात उरकली होती. अशी बाई भेटली की तिचं नाव विचारा, कोणत्या दिवशी असते ते विचारा आणि उरलेला आठवडा तिच्याकडेच जा. बेटावरची पद्धत अशी की ग्राहकाने नाव घेऊन विचारलेलं दुकानांना आवडतं.

म्हणून पहिल्या दिवशी कुणीही मोठा, दोन तासांचा मसाज ठरवू नका. पायांचा एक तास घ्या. खुर्चीत बसलेले असता, कपडे घातलेले असतात, आजूबाजूला उजेड आणि माणसं असतात, आणि त्या तासात त्या हातांची पूर्ण परीक्षा होते. आवडलं तर दुसऱ्या दिवशी त्याच हाताकडून अंगाचा थाई मसाज. वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या मधली निवडा. रात्री नऊ वाजता तुमच्यासमोर बसलेल्या बाईने दिवसभरात कितीतरी अंगं रगडलेली असतात. तिचे अंगठे थकलेले असतात आणि थकलेला अंगठा कोपराची मदत लवकर घेतो. मसाज करणाऱ्या बऱ्याच जणी ईशान्येकडच्या इसान भागातून घर सोडून आलेल्या असतात आणि अनेक दुकानांत त्यांची कमाई दर मसाजमागे ठरते. दुपारच्या रिकाम्या वेळी गेलात तर तुमचंही भलं, त्यांचंही.

बोलण्यासाठी चार शब्द पुरतात. 'बाऊ बाऊ' म्हणजे हलक्या हाताने. 'जेप' म्हणजे दुखतंय. 'मै आऊ' म्हणजे हे नको. बायकांनी प्रत्येकाच्या शेवटी 'खा' लावायचं, पुरुषांनी 'ख्रप', मग त्यात उद्धटपणा राहत नाही. आपल्याकडच्या माणसांची एक खोड मला इथे सतत दिसते: पैसे दिलेत तर सोसायचं. दुखलं म्हणजे गुण येतोय असं मानून लोक दात-ओठ खात पडून राहतात. कृपा करून असं करू नका. स्नायू सहन होईल तेवढ्या दाबाखाली सैल पडतो. त्याच्या पुढे गेलं की तो स्वतःला वाचवायला आणखी आवळतो. श्वास रोखला जातोय असं जाणवलं की दाब जास्त झालाय असं समजा आणि त्याच क्षणी बोला.

आता सासूबाई. हा भाग नीट वाचा आणि शक्य असेल तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

पहिली गोष्ट गादीची. जमिनीवरच्या गादीवर बसणं आणि तिथून उठणं हाच दुखऱ्या गुडघ्यांवर सगळ्यात मोठा ताण असतो. पलंग किंवा आरामखुर्ची असलेलं दुकान शोधा. दुसरी गोष्ट प्रकाराची. त्यांच्यासाठी पायांचा मसाज, खांद्या-मानेचा बसून केलेला हलका मसाज आणि गरम पोटली, हे तीन प्रकार उत्तम. पूर्ण थाई मसाज त्यांना नको, कारण त्यात गुडघा पूर्ण मुडपून टाच मांडीपर्यंत नेण्याचे, कंबर पिळण्याचे आणि पाठीला कमान देण्याचे ताण असतात. या वयात हाडं ठिसूळ झालेली असू शकतात आणि ते वरून कळत नाही. गुडघ्याची झिज मसाजने भरून येत नाही. मात्र मांडीचे पुढचे स्नायू आणि पोटऱ्या मोकळ्या झाल्या की चालणं काही दिवस सुखाचं होतं, जिना उतरताना कमी कळ येते. तेव्हा मसाज करणारीला मांडी आणि पोटरी दाखवा, आणि गुडघ्याच्या वाटीवर तळहात आडवा धरून 'मै आऊ' म्हणा. लाकडी काठीलाही नकार द्या, त्यांच्या तळव्याला अंगठा पुरे.

तिसरी गोष्ट पुस्तकांत फारशी येत नाही आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पारंपरिक थाई मसाजमध्ये जांघेत, जिथे नाडीचे ठोके लागतात, तिथे तळहाताने काही वेळ दाबून धरतात आणि मग एकदम सोडतात. पायात उष्ण लाट उतरल्यासारखं वाटतं. 'प्रतू लोम' म्हणजे वाऱ्याचं दार उघडणं असं त्याला म्हणतात. निरोगी तरुण माणसाला ते सुखद वाटतं. रक्तदाब, हृदयविकार, पायांच्या फुगलेल्या शिरा किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास असलेल्यांवर हे करायचं नाही, असं आम्हाला शाळेतच बजावलेलं असतं. दुकानात मात्र कुणी विचारेलच असं नाही. बाईचा हात जांघेकडे वळला की सासूबाईंनी तो सरळ बाजूला करावा. त्यांना हे घरीच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी संकोच आड येणार नाही.

रक्तदाबाची गोळी रोजच्या वेळी घेतलेली असावी. पोटावर फार वेळ झोपवू नका. थाई पद्धतीत कुशीवर झोपवून करायचा संपूर्ण क्रम आहे, तो मागा. संपल्यावर लगेच उभं राहायचं नाही. दोन-तीन मिनिटं बसून, पाणी पिऊन, कुणाचा तरी हात धरून उठायचं, कारण या गोळ्यांवर असलेल्या माणसाला मसाजनंतर चक्कर येऊ शकते. वाफेची खोली त्यांनी टाळावी. मधुमेह असेल आणि पायांची संवेदना कमी झाली असेल तर गरम पोटलीही तळव्याला नको, चटका बसलेला कळत नाही. चांगली बाई पोटली आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते, मग तुमच्या अंगाला. ती तसं करत नसेल तर तुम्ही हात पुढे करून आधी स्वतः गरमपणा बघा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, ताप असेल, तर कुठलाच मसाज नको. विमानप्रवासानंतर एकाच पोटरीला सूज, दुखणं, ऊब जाणवली तर ती दाबून घेण्याऐवजी थेट रुग्णालय गाठा.

आणखी एक, आणि हे घरातल्या सगळ्यांना लागू. मान कडकन वाजवून घेऊ नका. नाही म्हणजे नाही. थाई मसाजचा मूळ क्रम मान मोडण्यावर उभा नाही, पण ग्राहकांना आवडतं म्हणून काही ठिकाणी करतात. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका थोडा असला तरी खरा आहे. डोकं दोन्ही हातांत धरलं की लगेच 'मै आऊ'. तुमच्या यजमानांना कंबरेचा त्रास, मणक्याची गादी सरकलेली, पायात मुंग्या असं काही असेल तर पाठीवर उभं राहणं आणि कंबर पिळणं त्यांनाही वर्ज्य.

मुलांना मसाजची गरज नाही. फारच हट्ट केला तर तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसवून अर्धा तास पाय हलक्या हाताने.

नको त्या ठिकाणांबद्दल स्पष्टच लिहिते, कारण हा प्रश्न बायका दबक्या आवाजात विचारतात. थायलंडमध्ये वेश्याव्यवसाय बेकायदेशीर आहे, तरी मसाजच्या नावाखाली तो चालतो, आणि चावेंगच्या बारच्या गल्ल्यांत अशी दुकानं आहेत. ओळखणं मुळीच अवघड नाही. काच गडद, आतलं काही दिसत नाही. बाहेर बसलेल्या मुली जवळजवळ सगळ्या विशीतल्या, पार्टीचे कपडे, फक्त पुरुषांनाच हाक मारतात. दरांचा फलक नाही किंवा आहे तर मोघम. दुपारी शुकशुकाट आणि रात्री उशिरा जाग. याउलट सचोटीच्या दुकानात बाहेरून खुर्च्या दिसतात, बायका वेगवेगळ्या वयाच्या आणि एकसारख्या गणवेशात, फलकावर मिनिटं आणि दर छापलेले, आत एखादं परदेशी कुटुंब बसलेलं. तुम्ही चौघं-पाच जण एकत्र दारात उभे राहिलात की चुकीचं दुकान स्वतःच टाळाटाळ करतं. तेलाचा मसाज घेताना पुरुषाऐवजी बाईच हवी हे आधी सांगा, सहज मिळते. मसाजच्या मधे कुणी जादा पैशाचं काही सुचवलं किंवा हात भलतीकडे गेला तर उठा, झालेल्या वेळेचे पैसे द्या आणि बाहेर पडा. पण एवढंही मनात ठेवा की बहुसंख्य बायका कष्टाने शिकलेलं काम करून घरी पैसे पाठवणाऱ्या आहेत. संशयाच्या नजरेने बघितलेलं त्यांना कळतं आणि लागतं.

खर्चाचं बोलू. बाट हे तिथलं चलन, ते साधारण अडीच-तीन रुपयांचं धरा, निघताना ताजा दर बघा. रस्त्यालगतच्या दुकानात आणि किनाऱ्यावर पायांचा किंवा थाई मसाज तासाला ३०० ते ५०० बाटच्या घरात, तेलाचा त्याहून थोडा वर, पोटलीचा आणखी थोडा वर. मोठ्या रिसॉर्टमधल्या स्पामध्ये आकडा २,००० बाटपासून सुरू होऊन कितीही वर जातो, आणि किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतील तर १० टक्के सेवाशुल्क आणि ७ टक्के कर वेगळा. टीप दुकानात तासाला ५० ते १०० बाट, गल्ल्यावर न ठेवता तिच्या हातात. दाब आवडला असेल तर जास्त द्या, मी देते. भाव करत बसू नका. सलग पाच-सहा मसाज एकाच ठिकाणी घेणार असाल तर मालकीण बहुधा स्वतःच काहीतरी कमी करते.

मग मोठ्या स्पामध्ये जावंच का? एकदा जरूर जा, पण जे दुकानात मिळत नाही त्यासाठी जा. लमाईच्या टेकडीवर टॅमरिंड स्प्रिंग्ज आहे. तिथे प्रचंड ग्रॅनाइटच्या शिळांच्या मधे वाफेची गुहा बांधलेली आहे, बाहेर झाडीत गार पाण्याची कुंडं आहेत. वाफ, गार पाणी, विश्रांती असं आलटून पालटून दोन-तीन वेळा करायचं आणि मग मसाज. स्नायू इतके मोकळे झालेले असतात की हलका हातही खोल पोचतो. तुम्हा दोघांसाठी अर्धा दिवस काढण्याजोगी ती जागा आहे. शांतता पाळावी लागते, त्यामुळे मुलांना सासूबाईंजवळ ठेवून जा, आणि आधी नोंदणी करा. बेटाच्या दक्षिण टोकाकडे कमलाया आहे, २००५ मध्ये सुरू झालेलं. बौद्ध भिक्षू पूर्वी ध्यानाला बसत त्या गुहेभोवती ते उभारलंय. तिथला कारभार मुख्यत्वे मुक्कामी आरोग्यशिबिरांचा, म्हणजे आहार, विश्रांती, उपचार असा पूर्ण कार्यक्रम, आणि तो खर्चिक आहे. कुटुंबाच्या सुट्टीत तो बसत नाही. पुढे कधी थकवा घालवायला एकट्या जायचं ठरलं तर लक्षात ठेवा. तुमच्या हॉटेलातच स्पा असेल तर पैसे मोजण्याआधी मसाज करणारी तिथली कायमची आहे का, एवढं विचारा.

जाण्याआधीची तयारी थोडी. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. आंघोळ करून जा. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी हॉटेलच्या तिजोरीत ठेवूनच निघा. मसाजसाठी तिथे उतरवून उशीखाली ठेवायची आणि नंतर घाईत विसरायची, हे हमखास घडतं. मंगळसूत्र काढायचंच नसेल तर बाईला आधी दाखवा, ती मान आणि खांदे हाताळताना सांभाळून घेते. किनाऱ्यावर पाठ भाजली असेल तर त्या दिवशी मसाज नाही. कोरफडीचा गर अलगद लावून देण्याचा प्रकार बहुतेक फलकांवर असतो, तो घ्या, आणि त्यात चोळणं नको असं सांगा. दारू घेतली असेल तरीही नाही.

यजमान जवळच्या कोह ताओ बेटावर स्कूबा करायला जाणार असतील तर त्याच दिवशी जोरदार मसाज नको. मसाजमुळे आलेलं अंगदुखणं आणि खोल पाण्यातून वर येताना होणाऱ्या त्रासाचं दुखणं, यांतला फरक मग डॉक्टरांनाही चटकन लागत नाही.

तेलाच्या मसाजनंतर स्कूटर चालवू नका. हात-पाय तेलकट, डोळ्यांवर सुस्ती, आणि सामुईच्या त्या वळसा-रस्त्यावर चढ-उतार आणि वाळू दोन्ही. ग्रॅब या ॲपवरून टॅक्सी मागवा किंवा सोंगतेव या सामायिक गाडीला हात करा, भाडं चढण्याआधी ठरवून.

आठवड्याची आखणी मी तुमच्या जागी अशी केली असती. पोचल्याच्या संध्याकाळी सगळ्यांनी नुसतं समुद्रावर चालायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघांनी शेजारीशेजारी बसून पायांचा एक तास, हात ओळखण्यासाठी. तिसऱ्या दिवशी तुम्ही दोघांनी त्याच दुकानात थाई मसाज, सासूबाईंना काही नाही, त्यांचे पाय कसे आहेत ते बघायचं. चौथ्या दिवशी त्यांना खांद्यांचा हलका मसाज आणि गरम पोटली. पाचव्या दिवशी तुम्हा दोघांची वाफेची गुहा. मग एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि निघण्याच्या आदल्या दुपारी सासूबाईंना पुन्हा पायांचा तासभर, पहिल्या मसाजला आवडलेल्या त्याच बाईकडे. दुसऱ्या दिवशी अंग थोडं जड वाटणं, हलकी ठणक, हे साहजिक आहे आणि दिवसभरात जातं. हातापायात बधिरपणा, तीव्र डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणं, छातीत दुखणं किंवा पोटरी सुजणं यांपैकी काही झालं तर वाट बघू नका. रुग्णवाहिकेसाठी १६६९, पर्यटक पोलिसांसाठी ११५५, हे दोन्ही क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये निघण्याआधीच साठवा, सासूबाईंच्या फोनमध्येही. त्यांच्या गोळ्यांची नावं आणि मात्रा इंग्रजीत लिहिलेला कागद त्यांच्या पर्समध्ये ठेवा. मसाजला बसण्याआधी तोच कागद मालकिणीलाही दाखवा.